आरंभीच्या बोलपटांतील प्रणयविनोद

महोदय,

बोलपटांच्या आरंभकाळातील हॉलीवूडचे प्रणयविनोदी चित्रपट केवळ जुने म्हणून बाजूला सारले जातात, याचे मनापासून वाईट वाटते. १९२९च्या सुमारास कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंदिस्त खोलीत ठेवावा लागे आणि नटांना मायक्रोफोनच्या आसपासच घुटमळावे लागे. तरीही दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच यांनी बंद दार व त्यामागचा आवाज एवढ्यावर शृंगार सूचित केला. फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) नायक-नायिकेच्या दोन खाटांमध्ये दोरीवर टाकलेले ब्लँकेट तर पडद्याचे, भिंतीचे आणि प्रेमाच्या कबुलीचेही काम करते. अशा चित्रपटांची खुमारी संवादांच्या लयीत असल्याने ते तुकड्यांत नव्हे, सलग पाहावेत. आपल्या चित्रपट पुरवणीने त्यांच्यावर लेखमाला चालवावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक