टाकणखारातला बोरॉन

कोल्हापूर

चि. सावनीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की, न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला इवलासा कण जर कशालाच अडत नाही, तर त्याच्या हातून घडणार तरी काय? त्या वेळी गुजरीतल्या दुकानात आजोबा साजाच्या पानड्या जोडत होते आणि मी त्यांना सहाणेवर टाकणखार उगाळून देत होते, त्यामुळे उत्तर राहून गेले. खरे तर ते माझ्या हातातच होते, कारण टाकणखार हा बोरॉनचा क्षार आहे.

ताऱ्यांच्या पोटात हेलियमपासून एकदम कार्बन तयार होतो. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन मधल्या मध्ये वगळले जातात, आणि जे थोडेफार असतात तेही तिथल्या उष्णतेत टिकत नाहीत. विश्वकिरण, म्हणजे अवकाशात प्रचंड वेगाने धावणारे कण, तिथल्या कार्बन-ऑक्सिजनची अणुकेंद्रे फोडतात आणि त्यातून बोरॉन मिळतो, हे खरेच आहे; पण बोरॉनचे अणू दोन वजनांचे असतात, बोरॉन-१० आणि बोरॉन-११; त्या रीतीने बोरॉन-११ हा बोरॉन-१० च्या साधारण अडीच पट भरतो, आणि सूर्यमालेत मात्र तो चौपट आहे. ही वरची दीड पट कुठली?

आयुष्याच्या शेवटी मोठ्या ताऱ्याचा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो आणि सुटलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जा दहाएक सेकंदांत न्यूट्रिनो घेऊन जातात. त्यांची संख्या म्हणजे १ वर ५८ शून्ये. यांतले बहुतेक सगळे बाहेरच्या कार्बनच्या थरातून सरळ निघून जातात, पण एखादा कार्बन-१२ च्या अणुकेंद्राला धक्का देतो आणि थोडी ऊर्जा तिथे टाकून पुढे जातो. खवळलेले ते अणुकेंद्र एक प्रोटॉन फेकते आणि उरतो बोरॉन-११. न्यूट्रॉन फेकला तर कार्बन-११ उरतो. त्याचा अर्धायुकाल वीस मिनिटांचा, आणि त्याचाही शेवटी बोरॉन-११ च होतो. मागून येणारी स्फोटाची लाट यातला काही माल पुन्हा जाळते (अशी नासाडी आजोबांना मुळीच खपली नसती!) आणि उरलेला अवकाशात उधळते. खगोलशास्त्रज्ञ स्टॅन वूस्ली आणि सहकाऱ्यांनी १९९० साली हा हिशेब सविस्तर मांडला. निऑन-२० पासून फ्लोरिन-१९ तसाच बनतो, मात्र फ्लोरिन इतर ताऱ्यांतही तयार होत असल्याने त्यात न्यूट्रिनोंचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

न्यूट्रिनोंचा हा लोंढा केवळ कागदावरचा नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतल्या अशाच एका ताऱ्याचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या तीन उपकरणांत सापडले, तेही स्फोटाचा उजेड दिसण्याच्या काही तास आधी.

आता तूच गणित कर. बोरॉन-११ ची ती वरची दीड पट सगळी न्यूट्रिनोंनीच भरून काढली असे धरले, तर बोरॉनच्या दर दहा अणूंमागे तीन त्यांचे. आजोबांना हे सांगितले, तर त्यांनी मान हलवली आणि वाटी पुढे करून आणखी थोडा टाकणखार उगाळायला सांगितला.

तुझी,
आई