बंद टॉकीजची किल्ली आठवड्यातनं दोन दिवस द्या की

मा. संपादक साहेब, स.न.

मी बेळगावातल्या शहापूरचा, वय साठीच्या पुढं. पोरवयात टॉकीजच्या ऑपरेटरच्या हाताखाली होतो. दोन मशीन असायची, वीसेक मिनिटं झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा, तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं आणि दुसरा ठिपका आला की चित्र पहिल्या मशीनवरनं दुसऱ्यावर घ्यायचं, चुकलं की खालनं शिट्ट्या. कार्बनच्या कांड्या जळून हात काळे व्हायचे. ते टॉकीज आता बंद आहे, नाव लिहीत नाही, मालकाला उगीच वाईट वाटायला नको. शटरसमोर भाजीची गाडी लागते. माझं म्हणणं, असलं बंद टॉकीज आठवड्यातनं दोन दिवस बिनपगारी काम करणाऱ्या पोरांच्या हातात द्या, सिनेमा पण होईल आणि गाणं पण.

पत्र लिहायचं कारण माझी भाची. ती इंग्लंडात ब्रिस्टलला शिकायला आहे आणि शनिवारी तिथल्या क्यूब नावाच्या टॉकीजमध्ये तिकिटं फाडते, पगार शून्य. मला आधी वाटलं फसवलं पोरीला कुणीतरी! पण तिथं सगळेच बिनपगारी आहेत, मशीन चालवणारा, दारावरचा, झाडू मारणारा सुद्धा. 1998 पासून असंच चाललंय, शंभरेक खुर्च्यांचं थेटर, सिनेमाआधी जाहिराती नाहीत, आणि ज्या दिवशी सिनेमा नाही त्या दिवशी तिथंच गाणं-बजावणं. कोला पण स्वतःच बनवतात, रेसिपी सगळ्यांना खुली. पुढं लोकांकडनं पैसे गोळा करून इमारतच विकत घेतली.

आपल्याकडं हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी गणपतीत एकदा आमच्या गल्लीत यावं. मंडप, लाईट, वर्गणी, रात्रीची राखण, सगळं पोरं करतात, कोण पगार घेतंय? अकरा दिवसांनी तीच पोरं कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात.

आणि गाण्याचं तर माझं स्पष्ट मत आहे. मागच्या वर्षी आमच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम मंगल कार्यालयात ठेवला, फरशी आणि पत्रा, तबल्याची एक थाप दोनदा ऐकू यायची, पेटीवाला वैतागून म्हणाला, "काय गा, मी कुणाबरोबर वाजवू?" टॉकीजच्या भिंतींना मात्र आवाज पिणारं कापड असतं, त्यामुळं घुमत नाही. उलट गाणाऱ्याला आवाज कोरडा वाटतो, पण तो प्रश्न त्याच्यापुढं एक छोटा स्पीकर ठेवला की सुटतो. पडद्यापुढं चार माणसं बसतील एवढी जागा असते, कलाकारांना खोली नसते, तेवढं ऑपरेटरच्या केबिनमध्ये भागवायचं. कुमार गंधर्व 1924 साली इथनं जवळच सुळेभावीत जन्मले, त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे आपल्याकडं, पण शे-दीडशे माणसांच्या बैठकीला एवढं मोठं सभागृह काय करायचं?

सिनेमाचं बोलायचं तर मराठी पिक्चर लागतो सकाळी दहाला, एक शो, नोकरीवाला माणूस बघणार कधी? मग कोल्हापूर गाठायचं, पोरं तेवढ्यासाठी शंभरावर किलोमीटर जातात. प्रभात कंपनी 1929 ला तिथं सुरू झाली तेव्हा काय, कोल्हापूर गाजणारच, पण बेळगाव त्याच्या वाटेवरचं नुसतं स्टँड राहू नये. आणि मी फक्त मराठीचं म्हणत नाही, कन्नड पिक्चर पण लावा, खाली सबटायटल टाका, पडद्याला कुठली भाषा कळते हो.

अडचणी आहेत, मी डोळे झाकून बोलत नाही. लायसन जिल्हाधिकाऱ्यांकडनं, अग्निशमनचा दाखला लागतो, वितरकाला तिकिटातला वाटा द्यावा लागतो. फिल्मचे डबे आता येत नाहीत, हार्डडिस्क येते आणि तिची डिजिटल चावी ठराविक मुदतीपुरतीच चालते, म्हणजे माझं ठिपक्याचं ज्ञान गेलं पाण्यात. पण सभासदांपुरती फिल्म सोसायटी हा रस्ता देशात जुना आहे, सोसायट्यांचा महासंघ 1959 चा, पहिले अध्यक्ष सत्यजित राय. तिथनं सुरुवात करता येईल.

मालकांना माझं एवढंच म्हणणं आहे, भाडं नको म्हणत नाही, वीजबिल आम्ही भरू, शनिवार-रविवार किल्ली द्या. खुर्च्यांची गादी फाटलीय, ती शिवणारा आमच्याच गल्लीत आहे. वायरिंग बघायला एक पोरगा तयार आहे, पैसे किती विचारलं तर म्हणाला, "काका, चहा पाजा, बास."

आपला,
एक जुना ऑपरेटर, शहापूर, बेळगाव