बाळ्याच्या पोटऱ्या

पुणे, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, राग धरू नकोस. घरात सगळ्यांसमोर बोलवलं नसतं.

गणपतीत तू बाळ्याच्या पोटऱ्या बघून म्हणाला होतास, पैलवान होणार पोरगा. त्या पोटऱ्यांचंच लिहितोय. पाच वर्षांचा झाला तरी जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग गुडघ्यावर, मांडीवर हात रोवत उभा राहतो. आम्ही हसायचो. मध्ये एका डॉक्टरांनी रक्तातलं एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हर बिघडलं की वाढतं ते) वाढलेलं पाहून चार महिने लिव्हरची औषधं दिली. ते स्नायूंतूनही रक्तात उतरतं, हे नव्या मॅडमनी सांगितलं. त्यांनी सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावलं. २०० च्या आसपास हवं, आलं १४,०००. मग जीनची तपासणी. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू वर्षागणिक झिजत जाणारा आजार.

मॅडमनी कागदावर घराणं मांडलं, पुरुष चौकोन, बायका गोल. हा आजार आईकडून मुलाकडे उतरतो, म्हणून माझ्या बाजूचं फारसं विचारलंच नाही. (आईने हिला ऐकवलंच, 'आमच्यात नाही बाई असलं काही.' खरं होतं, म्हणून जास्त लागलं.) 'आईच्या भावांचं सांगा,' म्हणाल्या, तेव्हा हिचा मामा निघाला. बाराव्या वर्षी चालणं थांबलं, अठराव्या वर्षी गेला. सगळे पोलिओच म्हणत आले. पण पोलिओत पाय एकदाच जातो, असा वर्षागणिक खचत नाही. मॅडमनी तो चौकोन काळा केला आणि हिला रडू फुटलं. रिपोर्टात ही वाहक निघाली, म्हणजे जीनमधला दोष हिच्यात आहे, पण बाळ्यासारखा आजार नाही. आता हिचीही इको करायचीय, वाहक बायकांच्या हृदयाला त्रास होऊ शकतो म्हणे.

बाळ्याला स्टेरॉइड आणि रात्री पायाला स्प्लिंट. आजार बरा होणार नाही, पण चालणं काही वर्षं टिकेल.

आता खरी अडचण. मेहुणीला दिवस गेलेत, सातवा आठवडा संपला. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. आमचा रिपोर्ट दाखवला तर नेमकं काय शोधायचं ते लॅबला कळेल. ती वाहक निघाली, तर अकराव्या आठवड्यापासून वारेचा नमुना घेऊन गर्भाचं तपासता येतं. सासूबाई म्हणतात, पहिलटकरीण आहे, घाबरेल, आत्ता बोलू नका. मी मान डोलावली. पण आमच्याच रिपोर्टला तीन आठवडे लागले होते रे.

उद्या पहाटे आम्ही दोघं नाशिकला मेहुणीकडे निघतोय. सासूबाईंना कळवलेलं नाही. त्या बोलतील ते ऐकून घेईन.

शनिवारी ये. आणि बाळ्याला आता पैलवान म्हणू नकोस.

तुझाच