ओळखपत्र दारात बघून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थर्टी फर्स्ट जवळ आला की पब-बारच्या दारात ओळखपत्रं तपासणार, बाउन्सर वाढवणार, अशा घोषणा सुरू होतात. परमिट रूममध्ये ऑर्डर घेणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यात फारसा अर्थ दिसत नाही. महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. व्हिस्की, रम, व्होडकासाठी २५. म्हणजे २३ वर्षांचा मुलगा रीतसर आत येतो, रीतसर बिअर मागवतो, पण शेजारच्या मित्राच्या ग्लासातला व्हिस्कीचा घोट त्याला चालत नाही. हे दारातला बाउन्सर कसं बघणार? त्याला वाटतं, देताना आत बघतील. वेटरला वाटतं, दारात बघूनच सोडलेत.

‘बसायला’ येणारा ग्रुप एका वयाचा क्वचितच असतो. ऑफिसची पार्टी असेल तर तिशीतला टीम लीड आणि बावीस वर्षांची ट्रेनी एका टेबलावर. बॅचलर पार्टी असेल तर नवरदेवाचा एकोणीस वर्षांचा मावसभाऊ ठरलेला. पहिल्या राउंडला सगळं ठीक चालतं. चौघांना चार पेग, धाकट्याला फ्रेश लाइम सोडा. बिघडतं ते ‘रिपीट’ला. गर्दीच्या वेळी वेटर लांबूनच विचारतो, "रिपीट ना साहेब?" आणि कुणीतरी हात गोल फिरवून म्हणतं, "सगळ्यांना." चाराचे पाच होतात ते इथे. किंवा पेग चारच येतात, पण एक ६० मिलीचा असतो आणि त्यातला अर्धा सोड्यात सरकतो. व्होडका असेल तर रंगावरून काहीच कळत नाही. ओळखायची खूण वेगळी आहे. सोडा अर्धा तास तसाच पडून असतो, मग चार घोटांत निम्मा होतो आणि लगेच मागणी येते, "दादा, थोडा बर्फ."

सगळ्यात वाईट पिचर, म्हणजे बिअरचा मोठा जग. एक पिचर, सहा ग्लास, आणि कोण किती प्यायलं याचा हिशोब कुणाकडेच नाही. मिश्र वयाच्या टेबलाला पिचर देऊच नये. तसंच लाँग आयलंड आइस्ड टी हे नाव ऐकून ‘आइस टीच आहे’ म्हणून धाकट्यापुढे ग्लास सरकवला जातो. त्यात चहा नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याची लिक्युअर असते.

बिअरबद्दलचा समजही काढून टाकायला हवा. ६५० मिलीच्या ५ टक्के माइल्ड बाटलीत साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली लार्जमध्ये सुमारे पावणेसव्वीस. ‘पोरगं बिअरच तर घेतंय’ म्हणणाऱ्या काकांनी हा हिशोब एकदा करून बघावा. शिवाय सवलत माइल्डपुरती आहे. नुसतं ‘बिअर’ म्हटलं की पुष्कळ ठिकाणी स्ट्राँगच येते, म्हणून बाटली उघडण्याआधी लेबल वाचा.

ओळखपत्राची गंमत निराळीच. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं की वेटर मान डोलावतो. पण लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. कॉलेजच्या आयकार्डावर अनेकदा जन्मतारीखच नसते. मोबाइलमधला आधारचा फोटो तर दोन मिनिटांत बदलता येतो, म्हणून फोटो न बघता समोर डिजिलॉकर उघडायला सांगावं. आणि रात्री अकराला, स्पीकरच्या शेजारी उभं राहून, वजाबाकी कुणाला नीट जमत नाही. त्यावर उपाय फुकटातला आहे. रोज संध्याकाळी काउंटरवर दोन तारखा खडूने लिहायच्या. ३१ डिसेंबर २०२५ ची रात्र असेल तर: बिअर-वाइन, जन्म ३१-१२-२००४ किंवा त्याआधी, बाकी सगळं, ३१-१२-२००० किंवा त्याआधी. फक्त तारीख जुळवायची, वय काढायचं नाही.

खरं तर वय विचारायची जागा कायद्याने आधीच करून ठेवली आहे. पिणाऱ्याने परवाना घ्यावा म्हणून तर नाव ‘परमिट रूम’. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. पण गिऱ्हाईक तो मागत नाही, वेटर देत नाही. रात्री विक्रीशी हिशोब जुळवायला परवान्याच्या पावत्या फाडल्या जातात आणि त्यावर पिणाऱ्याचं वय तर सोडाच, खरं नावही नसतं. उत्पादन शुल्क खात्याने ही पावती ऑर्डरच्या वेळी, टेबलावर फाडायला लावली तर निम्मं काम तिथेच होईल.

सोबत आलेल्या मोठ्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. मूल १८ च्या आतलं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ मद्य ‘देणाऱ्या’ कुणालाही लागतं. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तो देणारा हॉटेलवालाच असला पाहिजे असं नाही, ग्लास पुढे करणारा मामाही असू शकतो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये गाडीच्या धडकेत दोन इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी बारमध्ये बसून आला होता. तेव्हा हे कलम बारवाल्यांना लागलं. ‘गोव्यात अठराला चालतं’ हे टेबलावरचं नेहमीचं उत्तर. चालत असेल, नियम ग्लास जिथे आहे तिथला.

धाकट्याला ‘पीत नाही, गाडी आणेल’ म्हणून नेण्याची पद्धतही आहे. लायसन्स असेल आणि त्याने थेंबही घेतला नसेल तर हरकत नाही. पण बाराच्या ठोक्याला ‘एक घोट तर घे’ होतं. गाडी चालवणाऱ्याला मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची, आणि बारीक अंगाच्या पोराला तिथे पोचायला फार लागत नाही.

एकवीसच्या आतलं कुणी बरोबर असेल तर फॅमिली सेक्शन असलेलं हॉटेल निवडा, निव्वळ परमिट रूम नको. टेबल बुक करतानाच सांगा: सहा जण, एक एकवीसच्या आतला. मग कॅप्टन केओटीवर, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, खुर्चीचा नंबर टाकतो (दाराकडे तोंड असलेली पहिली, तिथून घड्याळाच्या दिशेने), धाकट्याचं सरबत वेगळ्या आकाराच्या ग्लासात येतं आणि ‘रिपीट’ त्या खुर्चीला लागू होत नाही. मालकांना विनंती एवढीच, की नाही म्हणायचं काम वेटरवर ढकलू नका. त्याची टिप त्याच टेबलावर असते. कॅप्टनने स्वतः जावं, खाली वाकून, चारचौघांत न बोलता सांगावं, "दादा, तुमच्यासाठी कोकम सोडा आणतो."

— पुण्यातल्या परमिट रूममध्ये ऑर्डर घेणारे काही कॅप्टन