वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचे आक्कांना पत्र

तीर्थस्वरूप आक्कांच्या सेवेसी,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे याचा तुम्हाला थोडा राग येईल, याची मला कल्पना आहे. परंतु कोल्हापूरहून बदलीचा आदेश हाती पडला त्या संध्याकाळी मी तुमच्यासमोर उभी राहून आभार मानू लागले, तेव्हा ‘आभार कसलं मानतीस, आधी च्या पी’ एवढ्या एका वाक्यात तुम्ही तो विषय निकालात काढलात. कागदावर तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय नागपूर-अमरावतीकडून कोल्हापूरला बदलून जाणारी मंडळी मला अधूनमधून फोन करून विचारतात की तिकडची बोली आपल्याला झेपेल का. त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते सगळे तुमच्याकडूनच मिळालेले असल्यामुळे दोन्ही कामे याच पत्रात उरकते.

कोल्हापूरची भाषा म्हणून बाहेरच्या महाराष्ट्राला जे ठाऊक असते, ते मलाही ठाऊक होते. ‘नाद खुळा’, ‘काटा किर्र’, ‘जाळ अन् धूर संगटच’ ही वाक्ये नागपुरातही रिक्षांच्या पाठीवर आणि पोरांच्या अंगावर दिसतात. तुमचा नातू त्यांत दर महिन्याला एखादे नवे घालत असे आणि तुम्ही ऐकून घेऊन म्हणत असा, ‘हे सगळं शर्टावरचं बोलणं. माणसाशी बोलायचं निराळं असतंय.’ हे माणसाशी बोलायचे निराळे तुम्ही मला शिकवलेत, आणि तेही शिकवते आहे असे एकदाही न दाखवता, जिन्यात, परसात, चहाच्या वेळी आणि बहुतेकदा माझा चेहरा गोंधळलेला दिसला म्हणून.

पहिली अडचण माझ्या नोकरीच्या ठिकाणी आली होती. बँकेच्या खिडकीशी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतले शेतकरी येत आणि ‘मॅडम, बिल पडलंय का बघा की वाईच’ असे विचारत. मला बिल म्हटले की विजेचे किंवा किराण्याचे आठवे, म्हणजे ते भरायला माणूस येतो अशी माझी समजूत. इथे मात्र प्रत्येकजण बिल घ्यायला आलेला. कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे म्हणजे बिल, त्यातला पहिला हप्ता म्हणजे पहिली उचल, आणि त्या उचलीच्या आकड्यावरून दरवर्षी हंगामाच्या तोंडाशी आंदोलने का पेटतात, हे तुम्ही मेथी निवडता निवडता मला समजावून सांगितलेत. माहेरच्या उसाचे बिल किती महिने लांबले की घरात कोणकोणती खरेदी थांबायची, याचा तुमचा हिशेब ऐकल्यावर खिडकीपलीकडच्या त्या प्रश्नातली घाई मला कळू लागली.

त्याच वाक्यातला ‘की’ आणि ‘वाईच’ यांची ओळखही तुम्हीच करून दिलीत. ‘वाईच’ म्हणजे जरासे. ‘बस’ म्हटले तर तो हुकूम होतो आणि ‘बस की’ म्हटले तर तो आग्रह होतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाच्या शेवटी लागणारा ‘सा’ मात्र मला बरेच दिवस पकडता आला नव्हता. तुमच्या दारात कोणी आले की तुम्ही ‘कवा आलासा? जेवलासा का?’ असे विचारत असा आणि मला ती एकेरीत केलेली विचारपूस वाटे. ‘पोरी, सा लावला म्हंजे मान दिला,’ असे तुम्ही सांगितल्यावर मी बँकेतल्या एका आजोबांना ‘बसा की, कुठनं आलासा?’ असे विचारून पाहिले, आणि ते पासबुक बाजूला ठेवून मला स्वतःच्या गावाचा, भावकीचा आणि म्हशीच्या दुखण्याचा वृत्तांत सांगत बसले. रांगेतल्या कोणीही तक्रार केली नाही, हे विशेष.

आणि ‘मी आलो’! तुम्ही पहिल्यांदा जिन्यातून ‘मी आलो गं वर’ अशी हाक मारलीत, तेव्हा मी तुमच्याबरोबर कोण पुरुषमाणूस आला आहे म्हणून ओढणी सावरून दार उघडले होते. कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असे सर्रास म्हणतात, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. तुमची नात पुण्याला शिकायला गेली आणि वसतिगृहातल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या, तेव्हा ती फोनवर रडवेली झाली होती. तुम्ही तिला म्हणालात, ‘हसू देत की. आलो म्हटलं तरी मीच येणार न्हवं?’ व्याकरणाच्या शुद्धतेवर मी आजवर जेवढे वाद ऐकले आहेत, त्यांत याहून नेमके उत्तर मला आढळले नाही. अर्थात माझ्या ‘येऊन राहिली’, ‘करून राहिली’ वर तुम्हीही पोट धरून हसत होताच. मी ‘जेवण करून राहिली’ म्हटले की तुमचा ठरलेला प्रश्न असे, ‘करून राहिलीस, मग जेवणार कवा?’

बोलण्यातल्या आडदांडपणाविषयीचा तुमचा नियमही मी नव्या मंडळींना आवर्जून सांगते. चौकातल्या पोरांचे ‘मर्दा’, ‘भावा’ आणि त्यांच्या पुढेमागे येणारे जे शब्द या पत्रात लिहिता येत नाहीत, ते ऐकून मी दचकत असे. तुम्ही म्हणालात की शब्दाकडे बघू नये, सूर ऐकावा. आणि शिवाजी पेठेतला माणूस अचानक ‘आपण’, ‘कृपया’ असे छापील बोलू लागला की मात्र समजावे, त्याचे डोके फिरले आहे. हा नियम मला एकदाही चुकलेला आढळला नाही.

पत्ता शोधण्याच्या बाबतीत तर तुमच्यावाचून माझे पदोपदी अडले असते. सरकारी पाटीवर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असे नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी सीपीआर आणि तुमच्या तोंडी थोरला दवाखाना, ही तिन्ही एकच जागा आहे हे माहीत नसेल तर आजारी माणसाने काय करावे? तीन रस्ते मिळतात ती तिकटी, हा शब्द मला तुमच्याकडून मिळाला आणि मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही नावे मग आपोआप उलगडली. राजारामपुरीत रस्त्याला नाव विचारू नये, कितवी गल्ली ते विचारावे, हेही तुम्हीच बजावलेत.

स्वयंपाकघरातला गोंधळ अधिक तिखट होता. ‘भाजीत चमचाभर चटणी टाक’ असे तुम्ही म्हणालात आणि मी ताटात डावीकडे वाढायच्या चटणीची वाटी शोधू लागले. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाची बेगमी म्हणून उन्हाळ्यात कुटून ठेवायचा कांदा-लसूण मसाला, आणि ती घरात नसणे हे जवळजवळ मीठ नसण्याइतकेच लाजिरवाणे, हे समजायला मला तुमच्याबरोबर डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, यावे लागले. आदल्या आठवड्यात तुम्ही गच्चीवर मिरच्या वाळवल्या होत्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला जवारी. आमच्याकडे ज्याला गावरान म्हणतात त्याला तुम्ही जवारी म्हणता, मग ती मिरची असो, काकडी असो की कोंबडी. उन्हात सुकवून तेलात तळलेला कांदा, भाजलेले खोबरे, तीळ, धणे आणि सोललेला लसूण असे वेगवेगळे डबे घेऊन आपण रांगेत बसलो होतो. लोखंडी मुसळे एकामागून एक उखळात आदळत होती, जमीन पायाखाली हादरत होती, आणि डोळ्यांना पदर लावून शिंकणाऱ्या सगळ्या बायकांच्या गप्पा त्या आवाजावर मात करून चालूच होत्या. डंकवाल्याने मिरची आणि मसाला एकदम घालायला घेतला, तेव्हा ‘आधी मिरची बारीक हू दे, मग बाकीचं’ असे तुम्ही त्याला खडसावलेत, आणि तो निमूटपणे ‘व्हय आक्का’ म्हणाला. घरी आल्यावर बरणीत चटणी दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवलेत आणि त्यातली एक बरणी काही न बोलता माझ्या ओट्यावर आणून ठेवलीत. त्या वर्षी माझ्या नागपुरी वांग्याच्या भाजीलाही तिचीच चव होती.

तुमच्या घरातली ईर्षा हा एक स्वतंत्र विषय आहे. थोरला मुलगा पाटाकडील तालमीचा आणि पुतण्या दिलबहारचा, त्यामुळे शाहू स्टेडियमवर या दोन संघांचा फुटबॉलचा सामना असला की त्या रात्री तुम्ही दोघांची ताटे वेगळ्या खोल्यांत वाढत होता. शाहू महाराजांच्या काळात 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाचे नाव देशभर कुस्तीमुळे गेले, आणि त्याच कुस्तीच्या तालमींच्या नावाने पुढे फुटबॉलचे संघ घडले, ही गोष्ट मी तुमच्या घरात येईपर्यंत ऐकलीही नव्हती. इतरत्र ईर्षा हा दुर्गुण समजतात, परंतु तुमच्याकडे ती नसलेला माणूस निकामी समजला जातो. हे मला अजूनही पूर्णपणे पटलेले नाही, कारण सामन्यानंतरची भांडणे मीही खिडकीतून पाहिली आहेत आणि तुमच्या पुतण्याच्या कपाळावरचे टाके अजून दिसतात. तुम्हीही त्यावर काही सारवासारव केली नाहीत, हे मला आवडले.

सर्वांत मोठे ऋण मात्र पावसाळ्यातले आहे. जुलै उजाडला की तुमची सकाळ ‘आज किती फूट?’ या प्रश्नाने सुरू होत असे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी 39 फुटांना गेली की इशारा आणि 43 फुटांना गेली की धोका, हे आकडे दूधवाल्यापासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांना पाठ असतात, आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले यावर भाजीबाजारात चर्चा होते. नदीला पाणी चढले की कोल्हापूरकर सहकुटुंब ‘पाणी बघायला’ जातो, ही सवय मला आरंभी विचित्र वाटली होती. त्या बघण्यात अंदाजही असतो, हे 2021 च्या जुलैत कळले. पातळी 2019 सारखीच 55 फुटांच्या पुढे गेली. आपली गल्ली उंचावर असल्याने कोरडी राहिली, तरी नळाचे पाणी बंद होईल हे तुम्ही दोन दिवस आधीच ओळखून माझ्याकडची घागर, बादल्या आणि पिंप भरून घ्यायला लावलेत. त्यानंतर चिखली-आंबेवाडीकडून उठून आलेल्या माणसांसाठी गल्लीत भाकऱ्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा तुम्ही मला परातीसमोर बसवलेत. माझ्या भाकऱ्या कडेला फाटत होत्या. ‘असू दे, पुरात कोण गोल बघत न्हाई,’ असे म्हणून तुम्ही त्या ढिगात घातल्यात.

त्याच नदीचे नवे पाणी आषाढात कलशांत भरून बायका टेंबलाई देवीला वाहायला नेतात, पुढे सनई आणि ढोल वाजत असतात आणि त्या वाद्यांच्या आवाजावरून सगळे गाव त्याला ‘पी ढबाक’ म्हणते. मीही तुमच्याबरोबर डोक्यावर कलश घेऊन टेकडी चढले. माझ्या आईला फोनवर हे सांगताना ‘पी ढबाकला गेलो होतो’ असे मी म्हणाले, आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती. ‘गेलो’ने ती अधिक घाबरली की ‘पी ढबाक’ने, ते तिने अद्याप सांगितलेले नाही.

आक्का, घरभाड्याची पावती तुम्ही मला दर महिन्याला देत होता. बाकी जे दिलेत त्याची पावती म्हणून हे पत्र समजावे. इकडे तर्री-पोहे आहेत, उन्हाळा आहे आणि माझी माणसे आहेत. पण कार्यालयात कोणी आले की माझ्या तोंडून ‘बसा की’ निघते आणि समोरचा माणूस आश्चर्याने का होईना, बसतो.

नोव्हेंबरमध्ये 9, 10 आणि 11 तारखांना अंबाबाईचा किरणोत्सव असतो, त्या सुमारास रजा काढून यावे असा विचार आहे. येताना संत्राबर्फी आणीन. मागच्या वेळी तुमच्या नातवाने ती एकट्याने संपवली होती, म्हणून या खेपेला दोन डबे. चटणीची बरणी रिकामी झाली आहे. उन्हाळ्यात डंकावर जाल तेव्हा माझ्या वाटच्या दोन किलो मिरच्या आधीच धरून ठेवाव्यात, देठ काढायला मी येतो.

तुमची,
वरच्या मजल्यावरची नागपूरकरीण