पोलीस भरतीच्या ग्राउंडसाठी २९० ब्रास मुरूम हवा आहे

ग्रामपंचायत व मैदान समितीचे आवाहन, ता. खानापूर, जि. सांगली

समस्त ग्रामस्थ, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यांत असलेले बांधव, मुंबई-पुण्यातली मंडळी आणि पोलीस दलात असलेली गावची मुलं-मुली यांना सप्रेम नमस्कार.

हायस्कूलच्या मागचा चार एकरांचा माळ ग्रामसभेने ठराव करून क्रीडांगणासाठी राखून ठेवला आहे. त्यावर पोलीस भरतीच्या सरावासाठी ४०० मीटरचा मातीचा ट्रॅक, १०० मीटरची सरळ धाव आणि गोळाफेकीची दोन वर्तुळं करायची आहेत. काम मोठं नाही, पण मापात व्हायला हवं. त्यासाठी काय लागतं आणि कुणी काय द्यावं, ते या पत्रकात सविस्तर मांडलं आहे.

आधी भरतीचं गणित. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. मैदानी आधी होते. त्यात निम्मे गुण मिळवावेच लागतात आणि त्यानंतर जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावले जातात. म्हणजे अभ्यासात कितीही हुशार असला, तरी ग्राउंडला मागे पडलेला मुलगा पेपरपर्यंत पोचतच नाही. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी १५ हजारांवर पदांना मंजुरी दिली. यापुढेही भरत्या निघत राहतील. अडचण अशी की जाहिरात आल्यावर ग्राउंडपर्यंत हातात काही महिनेच राहतात आणि पाय तयार व्हायला वर्ष लागतं. जाहिरात वाचून बूट विकत घेणारा पोरगा तिथेच मागे पडलेला असतो. म्हणून हे मैदान एका भरतीपुरतं करायचं नाही, पुढची पंधरा-वीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून करायचं आहे.

मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. दोन्हीला २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. सोळाशेला पैकीच्या पैकी गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद, आठशेला २ मिनिटं ५० सेकंद. त्यापुढे ठरावीक सेकंदांच्या टप्प्याने गुण उतरत जातात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सोळाशे म्हणजे बरोबर चार फेऱ्या, दर फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. मुलींना दोन फेऱ्या, दर फेरीला ८५ सेकंद. ही लय अंगात मुरवणं हाच सगळा सराव. पहिली फेरी जोशात ६८ सेकंदांत मारली की तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. रस्त्यावर धावणाऱ्याला फेरी कुठे संपली हेच कळत नाही, मग लय कशी कळणार?

आज आपली मुलं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. डांबराने नडगी दुखायला लागते, आठवडाभर विश्रांती घ्यावी लागते आणि पुन्हा धावलं की पुन्हा दुखते. त्यापेक्षा मोठी भीती गाड्यांची. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना अंधारातून येतात. एवढ्या एका कारणासाठीही मैदान व्हायला हवं, असं आमचं मत आहे.

आता मापाचं. यात आम्ही कुणाचंही ‘साधारण’ चालवून घेणार नाही. समजा ट्रॅक फेरीला पाच मीटर कमी भरला, तर चार फेऱ्यांत वीस मीटर, म्हणजे जवळपास चार सेकंद. मुलगा वर्षभर ५ मिनिटं ८ सेकंद समजून खूश राहणार आणि भरतीत त्याचे ५ मिनिटं १२ सेकंद निघणार. गुण तिथे गेले. उलट, पहिली लेन सोडून कायम दुसऱ्या लेनमधून धावणारा दर फेरीला सात मीटर जास्त धावतो. मिलीग्रॅमचा हिशेब सांभाळणाऱ्या गलाई बांधवांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

म्हणून मांडणी अशी: दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या, दोन्ही टोकांना ३६.५० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. आतल्या कडेची लांबी ३९८.१२ मीटर भरते. ४०० मीटरचं माप या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, कारण धावणारा कडेला चिकटून धावत नाही. आखणी लोखंडी टेपने, ताण देऊन करायची. कापडी टेप ताणली जाते आणि दर पन्नास मीटरला काही सेंटिमीटर खाते. मधल्या आयताचे दोन्ही कर्ण १११.५८ मीटर आले तरच चौकोन काटकोनात आहे असं समजायचं. दोन अर्धवर्तुळांचे मध्यबिंदू सळई घालून काँक्रीटमध्ये कायमचे पक्के करायचे, म्हणजे दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा आखताना वाद नको. चार लेन, प्रत्येकी १.२२ मीटर. एवढं सगळं साधारण १६९ बाय ८५ मीटरमध्ये बसतं आणि आपला माळ १८० बाय ९० आहे.

शंभर मीटरसाठी एक सरळ बाजू दोन्हीकडे वाढवायची आहे. सुरुवातीच्या मागे ५ मीटर आणि शेवटच्या रेषेच्या पुढे २० मीटर मोकळी जागा. पुढे भिंत किंवा बाभळ दिसली की मुलं रेषेच्या आधीच पाय आवरतात आणि तिथेच तीन-चार दशांश सेकंद जातात. शंभरला पूर्ण गुण मुलांना ११.५० सेकंदांत आणि मुलींना १४ सेकंदांत मिळतात. घड्याळाचंही भान ठेवायला हवं. हाताने दाबलेलं स्टॉपवॉच सुमारे पाव सेकंद कमी वेळ दाखवतं, कारण दाबणारा आवाज ऐकून उशिरा दाबतो आणि रेषेवर मात्र अंदाजाने आधी दाबतो. भरतीत धावण्याची वेळ अलीकडे रेषा ओलांडताच आपोआप नोंद करणाऱ्या आरएफआयडी चिपवर घेतली गेली आहे, तिला अंदाज नसतो. म्हणून आपल्याकडे ११.४० आलेल्या मुलाला आम्ही ‘झालं’ म्हणणार नाही.

मुरमाचं काम सर्वांत खर्चाचं, आणि घाई केली तर वाया जाणारंही तेच. ट्रॅकची रुंदी कडेसह साडेपाच मीटर धरली तर वाढीव पट्ट्यासह क्षेत्र जवळपास २,५०० चौरस मीटर होतं. वरची माती १५ सेंटिमीटर काढायची. माळाच्या खालच्या अंगाला काळी जमीन लागते, तिथे ३० सेंटिमीटर काढायची, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर फोडते. तळ रोलरने दाबून त्यावर कठीण मुरमाचे दहा-दहा सेंटिमीटरचे दोन थर, मग चाळलेला बारीक मुरूम आणि तांबडी माती यांचा पाच सेंटिमीटरचा वरचा थर. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सैल मुरूम तीस टक्के जास्त धरला आहे. खालच्या थरांना २३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), वरच्याला ६०. एकूण २९०.

वीस सेंटिमीटर एकदम ओतून वरून एकदाच रोलर फिरवला की वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि आत पोकळ राहतं. पहिल्या पावसात तिथे खड्डे पडतात. म्हणून प्रत्येक थर वेगळा, पाणी मारून, आठ-दहा टनी व्हायब्रेटर रोलरखाली. पाणी किती, हे मुठीवर ठरवायचं. ओला मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर त्याचे दोन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, बोटं चिखलली तर जास्त. रोलर चार दिवस लागेल आणि पाच हजार लिटरचे वीस टँकर. टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन सुरू असेल त्या आठवड्यात पाण्याची अडचण येणार नाही.

ट्रॅकला आतल्या बाजूला एक टक्का उतार आणि आत उथळ चर. चरातलं पाणी ट्रॅकखालून दोन ठिकाणी सहा इंची पाइपने बाहेर काढायचं. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून पाण्याच्या वाटेकडे दुर्लक्ष होतं. पण परतीचा पाऊस दोन तासांत ओढे भरतो. जून २०२४ मध्ये भरतीच्या मैदानी चाचण्याच पावसात सापडल्या होत्या, म्हणून ओल्यातही सराव व्हायला हवा. काही जणांनी तलावाचा गाळ फुकट द्यायची तयारी दाखवली. त्यांचे आभार, पण गाळ शेतात उत्तम, ट्रॅकवर नको. एका पावसात त्याचा राडा होतो.

मुरूम उचलताना गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टी भरल्याची पावती घेऊनच गाडी निघेल. रात्रीत खोदलेला मुरूम कुणी आणून टाकला तर तो आम्ही घेणार नाही. पोलीस होऊ पाहणाऱ्या पोरांचं मैदान चोरीच्या मुरमावर नको.

गोळाफेकीची वर्तुळं आतून २.१३५ मीटर व्यासाची, काँक्रीटची, झाडू मारून खरखरीत केलेली. गुळगुळीत घोटाईवर पाय सरकतो. गोळा पडण्याचा पट्टा आखायची सोपी रीत अशी: वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर दोन्ही रेषांत १२ मीटर अंतर हवं. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा, दोन्ही प्रकारचे प्रत्येकी चार हवेत. पूर्ण गुणांसाठी मुलांना ८.५० मीटर, मुलींना ६ मीटर. स्वस्तातले ओतीव गोळे बऱ्याचदा दोनशे-तीनशे ग्रॅम हलके निघतात. देणारे असाल तर वाण्याच्या काट्यावर तोलूनच द्या.

बाकीचं थोडक्यात. पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे आणि आपल्या मुली सरावाला येत नाहीत त्याचं मुख्य कारण अंधार आणि आडोसा नसणं. म्हणून चार खांबांवर एलईडी दिवे आणि पाण्याची सोय असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह मैदानाबरोबरच होईल, नंतर कधीतरी नाही. अभ्यासिकेसाठी अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि चालू घडामोडींची पुस्तकं द्यावीत. भादंविची (भारतीय दंड संहितेची) जुनी पुस्तकं मात्र कृपया देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि जुनी कलमं पाठ केलेला मुलगा नुकसानीत जातो.

दलात असलेल्या मुला-मुलींकडे पैसे मागत नाही. सुटीवर आलात की एक रविवार मैदानावर या. तुरचीच्या प्रशिक्षण केंद्रात किंवा आणखी कुठे तुम्ही जे शिकलात, त्यातलं वॉर्मअप, गोळ्याची पकड आणि वळणावर पाय कसा टाकायचा, एवढं दाखवलंत तरी पुष्कळ. मैदानावर इंजेक्शन किंवा ताकदीची पावडर विकणारा, ‘आत सेटिंग आहे’ म्हणून पैसे मागणारा कुणी दिसला तर ग्रामपंचायतीला कळवा. लाचेची मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहेच.

कामाचा क्रम असा ठेवला आहे: आखणी, खोदाई आणि खालचे दोन थर एप्रिल-मेमध्ये. मग एक पावसाळा तसाच जाऊ द्यायचा. जिथे बसायचं तिथे मुरूम बसेल आणि पाणी कुठे साचतं ते दिसेल. दिवाळीनंतर डागडुजी करून वरचा थर आणि लेन आखायची पांढरी फक्की. वरचा थर आधीच टाका असा आग्रह होतोय, पण तो वाहून गेला तर ६० ब्रास पाण्यात. पुढे दरवर्षी डागडुजीला दहा ब्रास लागतील, ते घरपट्टीसोबत गावातूनच उभे करू. यात्रेचा तंबू, लग्नाचा मांडव, सभेचं व्यासपीठ आणि कुठलीही चारचाकी ट्रॅकवर येणार नाही, असा ठराव ग्रामसभेने केला आहे. ओल्या ट्रॅकवरून एक ट्रॅक्टर गेला तरी चाकोऱ्या वर्षभर जात नाहीत.

देणगी आम्ही ब्रासमध्ये मागतो आहोत. एक ब्रास मुरूम वाहतूक आणि रॉयल्टीसह गावात पोच करायला त्या आठवड्यात जो दर असेल तो कार्यालयाच्या फळ्यावर लिहिलेला असेल. कुणी एक ब्रास द्यावा, कुणी दहा. टिपर असलेल्यांनी खेपा, पंपवाल्यांनी डिझेल, बोअर असलेल्यांनी टँकर भरून द्यावेत. प्रत्येक गाडी मैदानावर टेपने मापून नोंदवहीत चढेल, दोन सह्या होतील. कमान आणि नावाची फरशी होणार नाही. तो पैसा मुरमात जाईल. देणाऱ्यांची नावं कार्यालयातल्या यादीत राहतील.

रोख रक्कम कार्यालयातच द्या आणि नमुना ७ ची पावती घेतल्याशिवाय निघू नका. बाहेरगावच्या बांधवांनी ग्रामपंचायतीच्या नावाचा चेक पाठवावा किंवा कार्यालयातून खाते क्रमांक खात्री करून घेऊन रक्कम जमा करावी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, समितीने असा कोड कुणालाही दिलेला नाही. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर लागेल.

आपले,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व मैदान समिती