काका, तुमच्यामुळे मामाचा फोटो मिळाला

आदरणीय काका,
सा. न.

दिवाळीनंतर सोलापूरच्या नवी पेठेत मी तुमच्याकडे आले तेव्हा हातात २५,००० रुपये होते आणि डोक्यात पक्कं होतं: दोन लेन्सचा नवाकोरा डीएसएलआर सेट घ्यायचा. एका दुकानात तर कॅनन ३०००डी जवळपास बांधूनच घेतला होता. तुम्ही पैशांचं विचारलंच नाहीत. "पोरी, काढायचंय काय ते आधी सांग," म्हणालात.

मी म्हटलं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मामा नंदीध्वज, म्हणजे ती उंच मानाची काठी, पेलतो, रात्री होम मैदानावरचा त्याचा एक चांगला फोटो हवाय. मोबाइलवर दरवर्षी नुसता पांढरा ढग येतो.

मग तुम्ही किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येते ती, झूम करून ५५ एमएमवर नेऊन दाखवलीत. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं; तिथे ती एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. शेजारी ५० एमएमची एफ १.८ ठेवलीत, आणि सांगितलंत की हिच्यातून नऊ-दहापट उजेड आत येतो. मेगापिक्सेलबद्दल इतके दिवस जे वाचत होते, ते त्या क्षणी बाजूला पडलं. ३०००डीचा लेन्स बसवायचा माउंट प्लॅस्टिकचा आहे, हेही मला तुमच्याकडेच कळलं.

सेकंडहँड कॅनन १५००डी घ्यायची ठरली, तरी तुम्ही मला एकटीला पाठवलं नाहीत. स्वतः आलात. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहिलीत. एफ २२ ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढलात, सेन्सरवरची धूळ दिसावी म्हणून. मग विकणाऱ्याच्याच खाटेवरची चादर भिंतीला लावून मला म्हणालात, "काढ, आणि कोपरे मोठे करून बघ." मी यंत्रमागाच्या घरातली. कोपऱ्यातल्या नक्षीचा धागा न् धागा सुटा दिसला तेव्हा मला दुसरी खात्री नको होती. बॉडी, किट लेन्स आणि जुनी ५० एमएम, सगळं बजेटात बसलं. तुम्ही मात्र चहाचेही पैसे देऊ दिले नाहीत.

संक्रांतीच्या रात्री आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००, शटर १/१२५ सेकंद. गर्दीत दोन्ही कोपर पोटाशी घट्ट धरले, तुम्ही शिकवलं तसे. बरेच फोटो हलले. एकात मामा आहे: बाराबंदी घामानं अंगाला चिकटलेली, कपाळावरची विभूती भुवईपर्यंत ओघळलेली, नजर वर काठीच्या टोकाला. मागचे दिवे विरघळून गोल झालेत.

आजीनं तो फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "ह्याचा बाप अस्साच बघायचा वर," म्हणाली आणि बराच वेळ खाली ठेवेना. आजोबांचा काठी पेलतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, काका. म्हणून हे पत्र लिहायलाच हवं होतं.

एक मोठी प्रिंट तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. रविवारी मामाच घेऊन येणार आहे, त्याला तुम्हाला भेटायचंय.

आपली,
अक्कलकोट रोडची पुतणी